स्वारी बंद झालेला म्हातारा घोडा सोडवायचा आणि त्याला घर मिळवून द्यायचं, ते कसं

म्हाताऱ्या घोड्याला सोडवून आणायचं म्हटलं की सगळ्यांना तो आणायचा दिवसच दिसतो. गाडी, फोटो, डोळ्यात पाणी, सगळं. पण तो दिवस सगळ्यात सोपा असतो हो. ज्याच्यावर बसता येत नाही तो घोडा बसता येणाऱ्या घोड्याएवढंच खातो, त्याचे खूर तेवढेच वाढतात, दातांचं आणि औषधांचं तर वयाबरोबर वाढतच जातं, आणि हे पुढे किती वर्षं चालणार ते कुणालाच सांगता येत नाही. घोडा १५ च्या पुढे गेला की वयस्कर धरतात, २० ला म्हातारा म्हणायला हरकत नाही, पण नीट सांभाळला तर २५-३० गाठतो आणि पोनी तर त्याच्याही पुढे जातात. (इंग्लंडमध्ये कालव्यातल्या नावा ओढणारा ओल्ड बिली नावाचा घोडा १८२२ साली गेला तेव्हा ६२ वर्षांचा होता, हा रेकॉर्ड अजून कुणी मोडलेला नाही.) म्हणजे १८ व्या वर्षी सांधे गेले म्हणून बाजूला काढलेल्या घोड्याचं अजून दहा वर्षं आयुष्य असू शकतं. ती दहा वर्षं कोण बघणार ह्याचं उत्तर तयार असेल तरच त्याच्या मोरकीला हात लावायचा.

त्यामुळे आधी स्वतःची बाजू तपासा. घोड्यांचं खरंच कळणारा व्हेट किती लांब आहे आणि रात्री येतो का, नालबंद ठरल्या तारखेला येतो का, चारा कोरडा राहील अशी जागा आहे का, आजारी घोडा बाकीच्यांपासून वेगळा ठेवता येईल असा कोपरा आहे का, आणि निदान सहा महिन्यांचा खर्च आत्ता बाजूला काढता येतोय का. ह्यातल्या दोन गोष्टींना 'बघू' असं उत्तर येत असेल तर घोडा आणू नका, जे आधीपासून हे काम करतायत त्यांच्याकडच्या एका म्हाताऱ्या घोड्याच्या महिन्याच्या चाऱ्याचा खर्च उचला, तेही रेस्क्यूच आहे आणि बऱ्याचदा जास्त कामाचं.

घोडा मिळतो कुठून आणि हातात कसा घ्यायचा

बहुतेक वेळा मालकच म्हणतो की आता परवडत नाही, घेऊन जा. कधी रायडिंग स्कूल, कधी शर्यतीचा तबेला, कधी लिलाव, कधी जप्त केलेले घोडे. मालक स्वतःहून देत असेल तर सगळ्यात बरं, कारण घोड्याचा इतिहास त्याला माहीत असतो, त्याला दोषी ठरवत बसू नका, नीट बोललात तर कुठला पाय, कधीपासून, कुठलं औषध, कशाला घाबरतो हे सगळं सांगतो. भांडलात तर घोडा मिळेल पण माहिती नाही मिळणार.

उपाशी किंवा जखमी घोडा दुसऱ्याच्या जागेत दिसला तर कुंपण ओलांडून आत जायचं नाही आणि रात्री सोडवून तर अजिबात आणायचा नाही, चोरीची केस तुमच्यावर पडते आणि घोडा परत त्याच दावणीला जातो. रस्त्यावरून तारीख-वेळेसकट फोटो काढा, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी काढा, आणि तिथली जी प्राणी कल्याणाची यंत्रणा असेल तिच्याकडे किंवा पोलिसांकडे लेखी तक्रार द्या. आणि कत्तलीसाठी घोडे उचलणारे काही दलाल 'उद्या हा जाणार, आज एवढे पैसे दिलेत तर वाचेल' असं म्हणून फोटो फिरवतात ना, तिथे मन घट्ट करा. तो एक घोडा वाचतो, पण त्याच पैशात दलाल दुसरा उचलतो.

कागद! घोडा फुकट मिळत असला तरी मालकी तुमच्या नावावर झाल्याचा कागद सहीनिशी घ्या, मायक्रोचिप किंवा घोड्याचा पासपोर्ट (ओळखीचं पुस्तक) असेल तर त्यावरही नाव बदलून घ्या. घोडा धष्टपुष्ट झाल्यावर 'मी तर सांभाळायला दिला होता' म्हणणारे मालक उगवतात.

बघायला गेल्यावर

'ह्याच्यावर बसता येत नाही' हे काही निदान नाही. का बसता येत नाही ते विचारा. सांधेदुखी आहे, जुना टेंडन फाटलाय, नेव्हिक्युलर (खुरातल्या छोट्या हाडाचं दुखणं) आहे, लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थरांची सूज) होऊन गेलाय, दम लागतो, पाठ झोळीसारखी खाली गेलीय, दिसत नाही, की फक्त माणूस बसला की उसळतो? माझ्या मते बाकी सगळ्या प्रश्नांच्या आधी एकच गोष्ट ठरवायची असते, हा घोडा मोकळ्या जागेत आरामात राहू शकतो की त्याला नुसतं उभं राहायलाही दुखतं. पहिल्याला घर मिळू शकतं. दुसऱ्याला आधी उपचार, आणि उपचाराने फरक पडत नसेल तर घर शोधणं हा त्याच्यावर अन्यायच.

आधी लांबून बघा, तुम्ही आलात हे त्याला कळायच्या आत. पुढचे पाय पुढे टाकून वजन मागे झुकवून उभा असेल तर खुरांना हात लावून बघा, गरम लागतात का, आणि घोट्याच्या मागच्या बाजूला नाडी जोरात उडतेय का, ही लॅमिनायटिसची खूण. मग कडक जमिनीवर सरळ चालवा आणि छोट्या गोलात दोन्ही बाजूंना वळवा, वळताना जो पाय चोरतो तो दुखरा. पुढच्या पायांच्या घोट्यांवर समोरून खरचटलेल्या जुन्या जखमा असतील तर त्या पडल्याच्या जखमा समजून सोडून देऊ नका. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज साधारण अर्धा तास तरी आडवं व्हावंच लागतं, आणि बसता-उठताना सांधे दुखत असतील किंवा जागा सुरक्षित वाटत नसेल तर तो आडवा होतच नाही, मग उभ्याउभ्या झोपेत गुडघ्यावर कोसळतो आणि घोटे सोलतात. मऊ, खोल, कोरडं अंथरूण आणि दुखण्याचं औषध मिळालं की बऱ्याच घोड्यांमध्ये ह्याचा फरक पडतो, म्हणून हे आधीच कळलेलं बरं.

वय विचारलं की सगळे म्हणतात 'असेल पंधरा-सोळा'. वरच्या जबड्यातल्या अगदी कडेच्या पटाशीवर (पुढच्या दातावर) एक उभी तपकिरी खाच असते, ती साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसायला लागते, पंधराच्या सुमारास दाताच्या निम्म्यापर्यंत येते, विसाव्या वर्षी पूर्ण लांबीभर असते आणि मग वरून पुसत जाऊन तिशीला नाहीशी होते. अगदी तंतोतंत नाही, पण सोळा आणि सव्वीस ह्यातला फरक बहुतेकदा सांगते.

अंगावर मांस किती ते डोळ्यांनी ठरवू नका, हाताने ठरवा. लांब केसांखाली बरगड्या लपतात आणि फुगलेल्या पोटामुळे घोडा जाड वाटतो. १९८३ साली टेक्सासमध्ये तयार झालेली हेनेकी स्केल जगभर वापरतात, १ म्हणजे हाडांचा सापळा आणि ९ म्हणजे अति लठ्ठ, आपल्याला ५ च्या आसपास हवा. वजनासाठी टेप घ्या, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये मोजा, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा, किलो मिळतात. घेर १७० आणि लांबी १५० असेल तर ३६५ च्या आसपास. वहीत लिहा आणि दर पंधरा दिवसांनी त्याच जागी त्याच टेपने मोजा, कारण एका आकड्यापेक्षा तो कुठल्या दिशेने सरकतोय ते महत्त्वाचं.

विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३८.३ सेल्सिअसच्या खाली. हे तबेल्याच्या दारावर लिहून चिकटवा.

आणताना

लांबचा प्रवास असेल तर आधी व्हेटला दाखवा, खूप अशक्त घोडा कधीकधी आहे तिथेच आठवडाभर खायला घालून मग हलवणं शहाणपणाचं असतं. गाडीत डोकं वर बांधून ठेवू नका, मान खाली करता आली नाही तर धूळ आणि शेंबूड फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. तीन-चार तासांनी थांबा, पाणी दाखवा, दहा-पंधरा मिनिटं गाडी हलू न देता उभी ठेवा, म्हाताऱ्या पायांना सतत तोल सांभाळून दमायला होतं.

आल्यावर निदान तीन आठवडे वेगळा ठेवायचा. बादली वेगळी, खराऱ्याचा ब्रश वेगळा, फावडं वेगळं, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करायचं. स्ट्रँगल्स म्हणजे जबड्याखाली गाठी येऊन पिकतात तो आजार असाच नव्या घोड्याबरोबर येतो आणि अख्खा तबेला आडवा करतो. रोज दोनदा ताप बघा. घोड्यांच्या संसर्गजन्य अ‍ॅनिमियाची रक्ततपासणी करून घ्या, आणि जिथे ग्लँडर्स आहे तिथे तीही, कारण ग्लँडर्स माणसालाही होतो. धनुर्वाताची लस झाली होती की नाही माहीत नसेल तर झाली नाही असंच धरून चाला, घोड्याला धनुर्वात पटकन होतो आणि बहुतेक वेळा जीव घेतो.

उपाशी घोड्याला खायला घालणं (हे नीट वाचा)

इथे चांगल्या मनाची माणसं घोडा मारतात. हाडं दिसतायत म्हणून पहिल्याच संध्याकाळी तोबरा भरून चंदी, गूळ, कोंडा, काय काय, आणि घोडा अधाशासारखा खातो, सगळे खूश, आणि चौथ्या दिवशी कोसळतो. होतं काय की उपाशी शरीर स्वतःचं मांस-चरबी जाळून चालत असतं, अचानक भरपूर स्टार्च मिळालं की इन्सुलिन एकदम वाढतं आणि ते साखरेबरोबर रक्तातलं फॉस्फरस, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमही पेशींमध्ये ओढून नेतं, हे साठे तर आधीच रिकामे असतात, मग हृदय आणि श्वास बंद पडतो. ह्याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात आणि तो साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी गाठतो, म्हणजे नेमका तेव्हा जेव्हा आपल्याला वाटतं की आता सुधारला.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लोकांनी उपाशी घोड्यांना ओट्सचं वाळलेलं गवत, गवत आणि तयार खाद्याचं मिश्रण, आणि लसूणघास (अल्फाल्फा) असं वेगवेगळं देऊन पाहिलं आणि लसूणघास सगळ्यात सुरक्षित निघाली, स्टार्च कमी आणि प्रोटीन, फॉस्फरस, मॅग्नेशियम चांगलं म्हणून. त्यांची पद्धत अशी: पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलोच्या आसपास चांगली पानेदार वाळलेली लसूणघास, रात्रीसुद्धा, म्हणजे दिवसातून सहा वेळा. चौथ्या दिवसापासून हळूहळू प्रमाण वाढवायचं आणि वेळा कमी करायच्या, सहाव्या दिवसापर्यंत आठ-आठ तासांनी साधारण दोन किलो. दहा दिवस झाले की मग खाईल तेवढी, दिवसातून दोनदा द्यायला हरकत नाही. पाणी कायम समोर, मिठाचा दगड दोन आठवडे झाल्याशिवाय नाही, धान्य अजिबात नाही. वजन नीट भरून यायला तीन ते पाच महिने लागतात, घाई करून एकही दिवस वाचत नाही. व्हेटशी रोज बोलत राहा, रक्त तपासता आलं तर तपासा. आणि जे कुणी मदतीला येतं त्याला स्पष्ट सांगा की गाजर, गूळ, बिस्किट काहीही द्यायचं नाही, हवं तर दारावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण शेजारच्या मायाळू काकू ह्या टप्प्यावर सगळ्यात धोकादायक प्राणी असतात.

जंताचं औषधही पहिल्याच दिवशी नाही. अशक्त घोड्यात जंत फार असतील आणि जोरदार औषधाने ते सगळे एकदम मेले तर आतडं त्यात बिघडतं. आधी लीद तपासून अंड्यांची संख्या बघा, थोडा सावरू द्या, मग व्हेट सांगेल ते औषध. नियमितपणेही असंच, तपासून द्यायचं, कॅलेंडर बघून नाही.

दात, म्हणजे खरा प्रश्न

'म्हातारा झालाय म्हणून खंगतोय' हे वाक्य मला सहन होत नाही. वय हा आजार नाही, खंगण्याला बहुतेक वेळा कारण सापडतं आणि पहिलं कारण तोंडात असतं. घोड्याचे दात आयुष्यभर वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतात आणि झिजत राहतात, पण दाताचा साठा ठरलेला असतो, विशीच्या शेवटी-शेवटी तो संपतो. मग दाढ गुळगुळीत होते, हलते, पडते. गवत चावून त्याचा ओला गोळा करून तो खाली टाकत असेल, लिदीत लांब काड्या किंवा अख्खे दाणे दिसत असतील, मान तिरकी करून एकाच बाजूने चावत असेल, तोंडाला वास येत असेल तर दातांचा डॉक्टर आधी. काही म्हाताऱ्या घोड्यांच्या पुढच्या दातांची मुळं विरघळतात, त्यांना गाजर तोडता येत नाही, पण ते दात काढले की अक्षरशः दुसऱ्या दिवसापासून खुश होऊन खातात, पुढचे दात नसले तरी ओठ आणि जिभेने बऱ्यापैकी काम भागतं.

दाढाच नसतील तर लांब गवत नुसतं चघळण्यापुरतं, पोट भरायला मात्र भिजवलेलं खाणं. चाऱ्याच्या गोळ्या किंवा क्यूब, बीटचा चोथा, किंवा म्हाताऱ्या घोड्यांसाठीचं तयार खाद्य, सगळं पाण्यात पूर्ण फुगवून लापशीसारखं करून, दिवसातून चार वेळा तरी. किती? कोरडं वजन धरून घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे ४०० किलोच्या घोड्याला ६ ते ८ किलो रोज. बादली बघून लोकांना हे फार वाटतं आणि मग निम्मंच घालतात, आणि मग 'एवढं खातो तरी अंगी लागत नाही'. वजन वाढवायला थोडं खाद्यतेल हळूहळू वाढवत देता येतं. थंडीत पाणी कोमट द्या, दुखरे दात असलेला घोडा गार पाणी टाळतो, पाणी कमी प्याला की पोटशूळ ठरलेलाच.

कोरडं घातलं तर घास अन्ननलिकेत अडकतो. घोडा मान ताणतो, खोकतो, नाकातून लाळ आणि हिरवट खाणं यायला लागतं. श्वास चालू असतो त्यामुळे घाबरून जाऊ नका, खाणं-पाणी दोन्ही लगेच काढून घ्या, व्हेटला बोलवा, नळी घालून पाणी मारायचा प्रयोग करू नका.

खूर, दुखणं, आणि लांब केसांचं कोडं

खूर सहा ते आठ आठवड्यांनी, स्वारी नसली तरी. उलट जास्तच गरज, कारण वाकडा वाढलेला खूर दुखऱ्या सांध्याला अजून पिळतो. भयंकर वाढलेले असतील तर एकाच वेळी सगळं उतरवायचं नाही, नालबंदाला टप्प्याटप्प्याने करू दे, शक्यतो एक्स-रे बघून. म्हाताऱ्याला पाय उंच धरवत नाही, तेव्हा पाय खालीच धरा, मधेमधे टेकवू द्या, खाली मऊ मॅट टाका. नाल बहुतेकांना लागतच नाही.

सांधेदुखीवर सगळ्यात चांगलं म्हणजे दिवसभर मोकळं फिरणं. बंद तबेल्यात उभा ठेवून 'आराम' दिला की अजून आखडतो. फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक सगळीकडे चालतं आणि स्वस्त असतं म्हणून लोक मनानेच देतात, पण जास्त दिवस किंवा जास्त डोस झाला की जठरात, आतड्यात अल्सर आणि किडनीला मार, आणि अशक्त, पाणी कमी पिणाऱ्या घोड्याला आधीच. दोन वेदनाशामकं एकत्र कधीच नाही.

उन्हाळा आला तरी ज्याचे लांब कुरळे केस गळत नाहीत, पाठीवरचं मांस जातंय पण पोट सुटलंय, पाणी खूप पितो, सारखे खुरांचे त्रास होतात, त्याची कुशिंगची तपासणी करा. १५ च्या पुढच्या घोड्यांमध्ये हा पिट्युटरी ग्रंथीचा बिघाड अगदी कॉमन आहे. रक्तातलं एसीटीएच हे संप्रेरक बघतात, शरद ऋतूत ते तसंही वाढलेलं असतं हे लक्षात घेऊन. रोज पर्गोलाइडची गोळी, आयुष्यभर, आणि साखर-स्टार्च कमी, गवतसुद्धा अर्धा-एक तास पाण्यात बुडवून ते पाणी फेकून द्यायचं. घर देताना ही गोळी खर्चात धरली नाही तर नवा मालक तिसऱ्या महिन्यात बंद करतो.

पोटशूळाबद्दल एकच सांगतो. म्हाताऱ्या घोड्यांच्या पोटात देठावर लोंबणाऱ्या चरबीच्या गाठी होतात आणि एखादी आतड्याला फास घालते, ऑपरेशनशिवाय उपाय नसतो. त्या रात्री दोन वाजता ठरवण्यापेक्षा आत्ताच ठरवून लिहून ठेवा की ह्या घोड्याचं ऑपरेशन करायचं की नाही.

घर कुणाला द्यायचं

आधी हे की सगळ्यांनाच घर द्यायचं नसतं. दुखणं औषधाने आवरत नाही, बसला की उठवायला माणसं लागतात, भिजवलेलं खाऊनही वजन उतरतंय, कळपापासून लांब एकटा उभा राहतो, असं असेल तर शांतपणे झोपवणं, म्हणजे व्हेटकडून वेदनारहित मरण देणं, हा निर्णय तुमचा आहे, तो पुढच्या माणसाच्या गळ्यात घालू नका. जागा आणि दफनाची सोय आधी बघा. पेंटोबार्बिटलने झोपवला असेल तर ते शरीरात राहतं आणि लचके तोडणारी कुत्री, गिधाडं त्याने मरतात, म्हणून उघड्यावर टाकायचं नाही. सोबतच्या घोड्याला शरीराजवळ थोडा वेळ जाऊ द्या, मग तो शोधत ओरडत फिरत नाही निदान तितकं.

बाकीच्यांना मात्र घर मिळतं, कारण स्वारी सोडून घोड्याला बरीच कामं असतात. एकट्या घोड्याला सोबत हवी असते, घोडा कळपाचा प्राणी आहे आणि एकटा राहिला की झुरतो. आईपासून तोडलेल्या शिंगरांच्यात एक शांत म्हातारा ठेवला की ती लवकर स्थिरावतात आणि शिस्तही शिकतात. लहान मुलांना खरारा करायला, खूर साफ करायला, मोरकी घालायला शिकवण्यासाठी, जमिनीवरूनच चालणाऱ्या थेरपीसाठी असा घोडा सोन्यासारखा. ज्या लोकांना स्वारी करायचीच नाहीये, वयाने किंवा भीतीने, त्यांना तर हाच हवा असतो.

जाहिरातीत गोड गोड लिहू नका. वय, का बसता येत नाही, रोजचं औषध, दिवसातून किती वेळा खायला घालावं लागतं, महिन्याचा खरा खर्च, आणि वाईट सवयी. मग चांगलं लिहा, की मुलांशी कसा वागतो, खूर देतो का, गाडीत चढतो का. 'चांगल्या घरी फुकट' असं कधीच लिहायचं नाही, फुकटातला घोडा उचलून विकणारे लोक हेच शोधत असतात. थोडी तरी रक्कम घ्या, जी देताना माणूस दोनदा विचार करेल.

फोनवर मी तरी पहिला प्रश्न हाच विचारेन की तुमचा आधीचा घोडा कुठे गेला? ह्या एका उत्तरात माणूस दिसतो. मग व्हेट आणि नालबंदाची नावं घ्या आणि त्यांना खरंच फोन करा. ह्याला झोपवायची वेळ आली तर काय कराल असंही विचारा, जो 'नाही नाही, असं काही मी करूच शकत नाही' म्हणतो त्याच्याकडे घोडा शेवटी हाल होऊन जातो असं माझं मत आहे. जागा बघायला जा. घर नका बघू, तिथल्या बाकीच्या घोड्यांचे खूर बघा, पाण्याच्या टाकीचा तळ बघा, कुंपणाला काटेरी तार आहे का बघा, आणि कळपात म्हाताऱ्याला वेगळं बसून निवांत खायला कोपरा आहे का ते बघा, नाहीतर तरुण घोडे त्याची बादली रोज पळवतात. दोन घोडे एकमेकांना घट्ट धरून असतील, विशेषतः एक आंधळा असेल, तर जोडीनेच द्या किंवा थांबा.

करार लेखी. स्वारी नाही, 'फक्त मुलाला जरा बसवलं' हेही नाही. घोडी असेल तर पैदास नाही, म्हाताऱ्या घोडीला विताना गर्भाशयाची रक्तवाहिनी फुटायचा धोका जास्त असतो. विकायचा नाही, लिलावात न्यायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. जमत नसेल तर कधीही, कुठल्याही कारणाने, परत तुमच्याकडेच. हे शेवटचं कलम सगळ्यात मोलाचं, पण त्याला अर्थ तेव्हाच जेव्हा तुमच्याकडे एक जागा कायम रिकामी असते, त्यामुळे सगळे स्टॉल भरून टाकायचा मोह टाळा. औषधोपचार फार असलेला घोडा असेल तर मालकी तुमच्याकडेच ठेवून तो कायमचा सांभाळायला द्या, मोठे वैद्यकीय निर्णय तुमचे, रोजची देखभाल त्यांची, असं बऱ्याच जणांना जास्त झेपतं. महिनाभराची ट्रायल ठेवा, पण ट्रायलवर ट्रायल करत घोडा फिरवत बसू नका, प्रत्येक बदलात म्हाताऱ्याचं वजन उतरतं.

देताना बरोबर दोन आठवड्यांचं त्याचंच खाणं द्या, नवीन खाणं आठ-दहा दिवसांत हळूहळू मिसळायचं असतं. वजनाची वही, दातांचा आणि खुरांचा शेवटचा दिवस, औषधांच्या वेळा, आणि त्याचा नेहमीचा चालतानाचा एक व्हिडिओ, कारण नव्या माणसाला 'हा असाच चालतो की आज लंगडतोय' हे कळत नाही आणि सहा महिन्यांनी तुमच्याही लक्षात राहत नाही. पहिल्या आठवड्यात रोज फोन, मग महिन्यातून एकदा फोटो मागवा, समोरून नको, बाजूने आणि वरून पाठीचा, सोबत टेपचा आकडा. दोनदा टाळाटाळ झाली की न सांगता नाही पण दुसऱ्याच दिवशी जाऊन या.

आणि परत आला तर आला. नोकऱ्या जातात, माणसं आजारी पडतात, परत आणणाऱ्याला टोमणे मारलेत तर पुढचा माणूस परत आणणारच नाही, गुपचूप विकेल. पुन्हा तीन आठवडे वेगळा ठेवा, पुन्हा टेप लावा, दात दाखवा, आणि नवीन जाहिरात लिहिताना तो ज्या कारणाने परत आला ते कारण पहिल्या दोन ओळींतच लिहा.